गिरनारचा शिलालेख आणि मुंबईचे डॉक्टर

जुनागढला मी गेलो तो एका शब्दासाठी. गिरनारच्या वाटेवर, डोंगराच्या अलीकडेच, एका इमारतीच्या आत जो प्रचंड काळा धोंडा आहे, त्यावर अशोकाच्या चौदा आज्ञा आहेत, स्कंदगुप्ताच्या काळचा लेख आहे, आणि महाक्षत्रप रुद्रदामन् याचाही लेख आहे. हा तिसरा लेख शक ७२चा, म्हणजे इसवी सन १५०च्या सुमाराचा. त्यात राजाला अवगत असलेल्या विद्या सांगितल्या आहेत, आणि व्याकरण, अर्थशास्त्र, न्याय यांच्याच पंक्तीत गांधर्वविद्येला बसविले आहे. दरबारी कलावंताच्या घरात वाढलेल्या आणि शिकवण्यांवर पोट भरणाऱ्या माणसाने, आपली विद्या राजाच्या गुणांत मोजलेली ती ओळ आयुष्यात एकदा तरी डोळ्यांनी पाहावी, एवढीच इच्छा होती.

शब्द काही मला सापडला नाही. ती लिपी मला येत नाही आणि धोंडाही जागोजाग झिजलेला आहे. सापडले ते आजारपण. पायथ्याशी तहानेच्या भरात कुठलेसे पाणी प्यालो आणि तीन दिवस धर्मशाळेच्या खोलीत आडवा झालो. शेजारच्या खोलीतील एक म्हातारी बाई मीठ घातलेली भाताची पेज आणि पातळ ताक आणून देत असे; त्यावरच मी उठलो. पडल्या पडल्या मनात आले, शंभर-दीडशे वर्षांपूर्वी, आगगाडी नाही, औषध नाही, उकळलेल्या पाण्याचे महत्त्व कोणाला ठाऊक नाही, अशा काळात हे लेख उतरवून घेण्यास जी माणसे रानोमाळ हिंडली, त्यांच्या पोटाचे काय होत असेल? आणि त्या माणसांतील एक मोठा माणूस तर स्वतःच डॉक्टर होता. त्या डॉक्टर भाऊ दाजींविषयी आज लिहावयाचे आहे.

त्यांचे खरे नाव रामकृष्ण विठ्ठल लाड. जन्म १८२२ सालचा, गोव्यात पेडण्याजवळच्या मांद्रे गावी. घरची गरिबी. लहानपणीच मुंबईस आले, मराठी शाळेतून एल्फिन्स्टनमध्ये गेले, बुद्धिबळात नाव काढले, आणि पुढे त्याच संस्थेत शिकवूही लागले. याच सुमारास कच्छ-काठेवाडातील बालहत्येवर त्यांनी निबंध लिहून सरकारी बक्षीस मिळविले. ज्या काठेवाडाच्या दगडांनी पुढे त्यांना कीर्ती दिली, त्या प्रांताशी त्यांचा पहिला संबंध आला तो असा, नवजात मुलींच्या हत्येच्या निमित्ताने. आपल्याकडे बडोद्यास काठेवाड म्हणजे शेजारघर. त्यामुळे ही गोष्ट मला विशेष लक्षात राहिली आहे.

मुंबईत ग्रँट मेडिकल कॉलेज १८४५ साली सुरू झाले. त्याच्या पहिल्या तुकडीचे विद्यार्थी १८५१ साली उत्तीर्ण होऊन बाहेर पडले, त्यांत भाऊ होते. त्या काळी पटकी आली की वाड्याचे वाडे ओस पडत. हा रोग दूषित हवेने होतो असे बहुतेक विद्वान मानीत. लंडनमध्ये १८५४ साली डॉक्टर जॉन स्नो यांनी तो पाण्यातून पसरतो हे दाखविले, पण बरीच वर्षे फारसे कोणी ऐकले नाही. जंतू दाखवून देणारे कॉख १८८४ साली कलकत्त्याला काम करीत होते, तेव्हा भाऊंना जाऊन दहा वर्षे झाली होती. मुंबईला विहार तलावाचे नळाचे पाणी आले ते १८६०मध्ये. म्हणजे भाऊंच्या उमेदीची पहिली वर्षे विहिरी-टाक्यांच्या पाण्याची आणि पोटाच्या साथींची होती. आज मीठ-साखरेच्या पाण्याने जो रोगी वाचतो, तो तेव्हा डॉक्टरच्या डोळ्यांदेखत सुकून जात असे. अशा शहरात भाऊ आणि त्यांचे धाकटे बंधू डॉक्टर नारायण दाजी यांनी गरिबांसाठी धर्मार्थ दवाखाना चालविला.

भाऊंची वैद्यकातील दृष्टी मला फार आवडते. इंग्रजी विद्येत पहिल्या रांगेत बसलेल्या या माणसाने संस्कृत वैद्यकग्रंथ टाकून दिले नाहीत. त्यांतील औषधे तो एकेक करून रोग्यांवर तपासून पाहत होता. महारोगावर कडू कवठाच्या बियांच्या तेलाचा त्यांनी केलेला उपचार त्यांच्या हयातीत गाजला. हे तेल चालमोगऱ्याच्या जातीचे. त्याचा गुण खरा होता. अडचण होती ती पोटाची. असले तेल तोंडावाटे दिले की रोग्यास उमासे येत, अन्न टिकत नसे, आणि कित्येक जण रोग परवडला पण औषध नको म्हणून ते सोडून देत. पुढे १९१५च्या सुमारास हवाई बेटांतील ॲलिस बॉल या तरुण रसायनशास्त्रज्ञ बाईंनी त्या तेलापासून टोचता येईल असे औषध तयार केले आणि पोटाचा अडसर दूर झाला. १९४०नंतर सल्फोन औषधे आली आणि तेल मागे पडले. पण मधली साठ-सत्तर वर्षे त्या रोग्यांना आशा म्हणून जे काही होते ते याच जातीच्या तेलांत होते.

त्यांच्या धैर्याचीही एक आठवण सांगितली पाहिजे. १८६२ साली करसनदास मूळजी यांच्यावर वैष्णव महाराजांनी अब्रुनुकसानीचा खटला भरला. महाराजांच्या आजाराविषयी न्यायालयात उभे राहून साक्ष द्यावयाची म्हणजे शहरातील मोठमोठ्या धनिकांचा रोष पत्करणे. भाऊंनी साक्ष दिली. करसनदास सुटले.

आता त्या दगडांकडे येतो. रोग्यांमधून सवड काढून हा माणूस जुन्या लिप्यांत बुडालेला असे. अजिंठ्याचे लेख त्यांनी प्रसिद्ध केले. गिरनारचे रुद्रदामन् आणि स्कंदगुप्त यांचे लेख प्रिन्सेपनंतर पुन्हा नव्याने लावले. चाळीसगावजवळ पाटण्यास भवानीच्या देवळात भास्कराचार्यांच्या नातवाचा, चांगदेवाचा, लेख त्यांनी उजेडात आणला. आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापल्याची नोंद त्यात आहे. आर्यभटाचा जन्म शक ३९८चा, म्हणजे इसवी सन ४७६चा, हे त्यांनी १८६५च्या निबंधात मांडले. चुकलेही. कालिदास आणि काश्मीरचा राजा मातृगुप्त एकच, हे त्यांचे मत आज कोणी मानीत नाही. पण ज्या काळी आपला इतिहास परक्यांनीच लिहावा असा रिवाज होता, त्या काळी एका मराठी डॉक्टराने तो दगडावरून स्वतः वाचला, हे थोडे नाही.

गिरनारच्या लेखात पाण्याचीच गोष्ट आहे, हेही पाहण्यासारखे. चंद्रगुप्त मौर्याच्या अधिकाऱ्याने तेथे सुदर्शन तलाव बांधला, अशोकाच्या वेळी त्याला पाट काढले, पुढे वादळात बांध फुटला आणि रुद्रदामन्‌ने प्रजेवर कर वा वेठ न लादता तो पुन्हा बांधविला. तीनशे वर्षांनी तो पुन्हा फुटला तेव्हा स्कंदगुप्ताच्या अधिकाऱ्याच्या मुलाने, चक्रपालिताने, दुरुस्त केला. माझ्या पोटाला ज्या गावच्या पाण्याने त्रास दिला, त्या गावाने पाण्यासाठी राजांकडून एवढे करवून घेतले होते, हे वाचून मला आजारातही हसू आले.

मात्र हे लेख दगडावरून कागदावर कोणी आणले? येथे माझे मन अडते.

जुनागढचेच भगवानलाल इंद्रजी. जन्म १८३९. प्रश्नोरा नागर ब्राह्मणाचे, वैद्यकी करणाऱ्या घरातले. गावाबाहेरचा धोंडा लहानपणापासून पाहिलेला. प्रिन्सेपच्या लिपितक्त्याच्या आधाराने त्यांनी ती अक्षरे स्वतःच लावली. रासमाळाकार किनलॉक फोर्ब्स यांनी त्यांची शिफारस भाऊंकडे केली आणि १८६१च्या सुमारास हा विशीतला तरुण मुंबईस आला. त्यानंतर भाऊंच्या मृत्यूपर्यंत तो त्यांच्यासाठी राबला. उन्हात, लेण्यांतल्या वटवाघळांच्या घाणीत, कुठल्याही विहिरीचे पाणी पिऊन, त्याने ठसे घेतले, नकला केल्या, अक्षर न् अक्षर पडताळले. अजिंठा, उज्जैन, ग्वाल्हेर, मथुरा, राजपुताना, काशी, नेपाळ! त्याला इंग्रजी फारसे येत नव्हते. निबंध इंग्रजीत निघत, सोसायटीच्या सभेत वाचले जात, आणि त्यांवर नाव असे डॉक्टरांचे.

मी साथीदाराचा मुलगा आहे. आमचे वडील दरबारात तबल्याच्या साथीला बसत. गवई कोणता होता ते लोक वर्षानुवर्षे सांगत. ठेका कोणी धरला होता ते कोणी विचारीत नसे. एका ध्वनिमुद्रिकेवर त्यांचा तबला आहे आणि नाव नाही. वडिलांनी त्याचा कधी विषाद केला नाही. मी मात्र अजून करतो. त्यामुळे भाऊंचे चरित्र वाचताना मी भगवानलालांच्या बाजूने वाचतो, हे कबूल केले पाहिजे.

पण तराजूच्या दुसऱ्या पारड्यातही काही आहे. हे दौरे फुकट होत नव्हते, खर्च भाऊंचा. अमेरिकेतील यादवी संपली, कापसाचा भाव कोसळला आणि १८६५ साली मुंबईचा शेअरबाजार बुडाला. त्यात भाऊंची आयुष्याची कमाई गेली. दुसरा कोणी असता तर पहिल्याप्रथम दगड वाचण्याचा नाद सोडून देता. भाऊंनी सोडला नाही. भगवानलालांचे सर्वांत लांबचे दौरे या दिवाळखोरीनंतरचे आहेत. डॉक्टर सकाळी नाडी पाहून जे मिळवीत, त्यातून मथुरा आणि जेसलमेरचे बैलभाडे निघत होते. दवाखान्याला बांधलेल्या माणसाला त्या जागा स्वतः पाहता येणार नव्हत्या; त्या त्याने दुसऱ्याच्या डोळ्यांनी पाहिल्या. गवयाने बिदागीतून साथीदाराचे घर चालवावे, तसेच काहीसे. तरीही नाव घालावयास हवे होते. दोन्ही गोष्टी माझ्या मनात शेजारी शेजारी आहेत आणि त्यांचा हिशेब मला लावता येत नाही.

मुंबईने भाऊंना मान पुष्कळ दिला. दोनदा, १८६९ आणि १८७१ साली, ते शहराचे शेरीफ झाले. राणीच्या बागेतील संग्रहालय उभे करण्यात त्यांचा हात होता. ते १८७२ साली उघडले. पण शरीर थकले होते. अर्धांगाने त्यांना अंथरुणास खिळविले आणि ३१ मे १८७४ रोजी ते गेले. हिंदुस्थानच्या प्राचीन इतिहासावरचा मोठा ग्रंथ राहिलाच. विखुरलेले निबंध पुढे कलकत्त्यास एकत्र छापले गेले. राणीच्या बागेतील त्या संग्रहालयाला १९७५ साली त्यांचे नाव देण्यात आले.

डॉक्टर गेले तेव्हा भगवानलाल नेपाळच्या दौऱ्यावर होते.

परत आल्यावर त्यांनी स्वतःच्या नावाने लिहावयास सुरुवात केली. ते गुजरातीत लिहीत, आणि ब्यूलरसारखे पंडित त्याचे इंग्रजी करून देत. नेपाळचे लेख तसेच १८८०मध्ये प्रसिद्ध झाले. १८८२ साली त्यांनी सोपाऱ्याचा स्तूप खणून काढला. १८८४ साली हॉलंडमधील लायडन विद्यापीठाने त्यांना डॉक्टर ही पदवी सन्मानपूर्वक दिली. वैद्याच्या घरातला तो मुलगा असा उशिराने डॉक्टर झाला. चारच वर्षांनी, १८८८ साली, तोही गेला.

दोघांच्या हस्तलिखित पोथ्या मुंबईच्या एशियाटिक सोसायटीच्या ग्रंथालयात आहेत. एक संग्रह भाऊ दाजींचा, दुसरा भगवानलालांचा. तेथे मात्र दोन्ही नावे वेगवेगळी लिहिलेली आहेत.