सावित्रीबाई : आधी विद्यार्थिनी, मग शिक्षिका

बीदर जिल्ह्याच्या भालकी तालुक्यात खटकचिंचोळी हे गाव आहे. या सीमाभागात पुष्कळ घरांत मराठी बोलतात, सरकारी कामकाज मात्र कानडीत चालते. अशा गावातील एखादी मुलगी किंवा सून शिक्षिका होऊ पाहते तेव्हा तिच्यापुढची वाट लांबची असते. सहावी ते आठवीच्या वर्गांना शिकवायचे तर आधी पदवी, मग डी.एड. किंवा बी.एड., आणि त्यावर शिक्षक पात्रता परीक्षा. लग्न झाले, आता शिकणे पुरे, असे घरचे म्हणतात. मुलांना शिकवायला एवढा अभ्यास कशाला, असेही कोणी विचारते. अशा भगिनींसाठी आम्ही सावित्रीबाई फुले यांचे चरित्र येथे थोडक्यात देत आहोत. त्यांच्या अंगावर लोकांनी शेण व दगड फेकले, हे सर्वांना ठाऊक आहे. त्याआधी त्यांनी केलेल्या अभ्यासाकडे मात्र आपले फारसे लक्ष जात नाही.

सावित्रीबाईंचा जन्म ३ जानेवारी १८३१ रोजी सातारा जिल्ह्यातील नायगाव येथे झाला. वडील खंडोजी नेवसे पाटील. १८४० साली, वयाच्या नवव्या वर्षी, जोतीराव फुले यांच्याशी त्यांचा विवाह झाला. शाळेचे तोंड त्यांनी पाहिले नव्हते. जोतीराव पुण्यात स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले होते. त्यांनीच पत्नीला अक्षरओळख करून दिली. पुढे केशव शिवराम भवाळकर व सखाराम यशवंत परांजपे या जोतीरावांच्या मित्रांनी तिच्या अभ्यासाची जबाबदारी घेतली.

पण स्वतःला वाचता येणे वेगळे आणि दुसऱ्याला वाचायला शिकवणे वेगळे. ही विद्याही सावित्रीबाईंनी रीतसर मिळवली. अहमदनगरला अमेरिकन मिशनच्या मिस सिंथिया फॅरार यांच्या संस्थेत आणि पुण्याला मिचेलबाईंच्या नॉर्मल स्कूलमध्ये त्यांनी शिक्षण घेतले. नॉर्मल स्कूल म्हणजे शिक्षक तयार करणारी शाळा. फॅरारबाई १८२७ साली मुंबईस आल्या, १८३९ पासून अहमदनगरला राहिल्या आणि १८६२ साली तेथेच वारल्या. मुलींना शिकवण्यातच त्यांचे आयुष्य गेले. त्यांची शाळा पाहून जोतीरावही प्रभावित झाले होते.

१८४८ साली पुण्याच्या बुधवार पेठेत, भिड्यांच्या वाड्यात, मुलींची शाळा निघाली. सावित्रीबाई तेथे शिकवू लागल्या. वाटेत लोक त्यांच्या अंगावर शेण टाकीत. त्या जवळ दुसरे लुगडे ठेवीत आणि शाळेत ते नेसून वर्गावर जात. १८४९ साली या कामापायी पतिपत्नींना सासऱ्यांचे घर सोडावे लागले. तरी पुढच्या तीन वर्षांत आणखी शाळा निघाल्या, आणि १८५२ साली सरकारने विश्रामबागवाड्यात जोतीरावांचा सत्कार केला.

पुढे १८८२ साली हंटर कमिशनपुढे जोतीरावांनी निवेदन दिले. प्राथमिक शाळांचे शिक्षक प्रशिक्षित असावेत आणि त्यांना दरमहा निदान बारा रुपये पगार मिळावा, अशी मागणी त्यात होती. ज्या घरातील गृहिणीनेच अध्यापनाचे शिक्षण घेतले होते, त्या घराला या मागणीचे मोल नक्कीच कळत होते, असे आम्हाला वाटते.

१८९० साली जोतीराव वारले. १८९७ साली पुण्यात प्लेग पसरला तेव्हा सावित्रीबाई रोग्यांच्या सेवेत होत्या. मुंढव्याच्या एका आजारी मुलाला पाठीवर घेऊन त्यांनी दवाखान्यात आणले. त्यातच त्यांना लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचा अंत झाला.

वाचकहो, सावित्रीबाईंचे शिक्षण लग्नानंतर सुरू झाले, आणि तेही पाटीवरच्या पहिल्या अक्षरापासून. आपल्या घरातील सून पुस्तक उघडून बसली असेल, तर संध्याकाळचा एखादा तास तिला मोकळा करून द्यावा. चूल दुसऱ्या कोणी पेटवली तरी चालेल. उद्या तिच्या वर्गात बसणाऱ्या मुलांची तयारी त्या तासात होत असते.