फ्रँकी यांकोविक

फ्रँक जॉन यांकोविक (२८ जुलै, १९१५ – १४ ऑक्टोबर, १९९८) हे स्लोव्हेनियन वंशाचे अमेरिकन अकॉर्डियनवादक व वाद्यवृंदप्रमुख होते. स्लोव्हेनियन शैलीचे पोल्का संगीत अमेरिकाभर पोहोचवण्यात त्यांचा मोठा वाटा होता.

जीवन

यांकोविक यांचा जन्म वेस्ट व्हर्जिनिया राज्यातील डेव्हिस येथे स्थलांतरित स्लोव्हेनियन कुटुंबात झाला. त्यांचे बालपण ओहायो राज्यातील क्लीव्हलँड शहराच्या कॉलिनवुड भागात गेले. दुसऱ्या महायुद्धात ते अमेरिकन सैन्यात भरती झाले. बल्जच्या लढाईच्या काळात कडाक्याच्या थंडीने त्यांचे हातपाय गारठून निकामी होऊ लागले. डॉक्टरांनी ते कापण्याचा सल्ला दिला. परंतु यांकोविक यांनी नकार दिला. पुढे त्यांचे हातपाय बरे झाले व ते पुन्हा अकॉर्डियन वाजवू लागले.

कारकीर्द

युद्धानंतर कोलंबिया रेकॉर्ड्सने प्रसिद्ध केलेली 'जस्ट बिकॉज' (१९४८) व 'ब्लू स्कर्ट वॉल्ट्झ' (१९४९) ही त्यांची गीते देशभर गाजली. १९४८ मध्ये मिलवॉकी येथील स्पर्धेत त्यांना 'अमेरिकेचा पोल्का सम्राट' हा किताब मिळाला. अकॉर्डियनच्या जोडीला बँजो, बास व ड्रम घेऊन त्यांनी जुन्या स्लोव्हेनियन चाली इंग्रजी शब्दांत सादर केल्या. त्यामुळे स्थलांतरितांच्या वस्त्यांपुरते मर्यादित असलेले हे संगीत इतर श्रोत्यांपर्यंतही पोहोचले. १९८६ मध्ये पोल्का विभागातील पहिला ग्रॅमी पुरस्कार त्यांना मिळाला.

फ्लोरिडा राज्यात त्यांचे निधन झाले. क्लीव्हलँड येथे त्यांचे दफन करण्यात आले. विनोदी गायक 'विअर्ड अल' यांकोविक यांच्याशी त्यांचे नाते नव्हते.