शाळेस अंगणात नेणाऱ्या कै. ताराबाई मोडक

आपल्या धर्मग्रामाच्या ज्युबिलीनिमित्त निघणाऱ्या या स्मरणिकेत संतचरित्रांस मानाचे स्थान असणार, व ते योग्यच आहे. प्रस्तुत लेखकाने मात्र अशा एका बाईंचे चरित्र निवडले आहे, की ज्यांचे नाव आपल्या वेदीवरून कधी घेतले गेले नाही, परंतु ज्यांच्या प्रयोगातून जन्मलेला एक शब्द नंदुरबार जिल्ह्याच्या पाड्यापाड्यांतून रोज उच्चारला जातो. तो शब्द अंगणवाडी, आणि त्या बाई कै. ताराबाई मोडक होत. नव्यानेच नेमणूक होऊन अक्राणी-अक्कलकुव्याच्या डोंगरात शिकवावयास जाणाऱ्या आपल्या तरुण-तरुणींनी हे चरित्र अवश्य वाचावे, अशी आमची इच्छा आहे.

ताराबाईंचा जन्म दि. 19 एप्रिल 1892 रोजी मुंबईस झाला. माहेरचे आडनाव केळकर. वडील सदाशिव पांडुरंग केळकर हे प्रार्थनासमाजाचे, त्यामुळे मुलींनी शिकावे की न शिकावे हा वाद त्या घरात नव्हताच. 1914 साली त्या पदवीधर झाल्या. पुढे अमरावतीचे वकील श्री. मोडक यांजशी विवाह झाला; तो संसार टिकला नाही व 1921 साली ती दोघे विभक्त झाली. त्या काळी अशा स्त्रीच्या वाट्यास काय येत असे, हे वाचकांस सांगावयास नको. ताराबाईंनी राजकोट येथील बार्टन स्त्री-अध्यापन विद्यालयाचे प्राचार्यपद पत्करले. जागा मानाची व सुरक्षित होती. परंतु भावनगर येथे दक्षिणामूर्ती संस्थेत गिजुभाई बधेका यांनी 1920 साली बालमंदिर काढले आहे, हे त्यांस कळले, आणि थोड्याच अवधीत ते पद सोडून त्या गिजुभाईंच्या साहाय्यास गेल्या.

बालमंदिराची पद्धती डॉ. मारिया माँटेसरी यांची. या विदुषी इटली देशातील कॅथलिक घराण्यातल्या, पेशाने वैद्य. 1907 साली रोम शहरातील मजुरांच्या वस्तीत त्यांनी आपले पहिले बालगृह उघडले होते. मूल स्वतःच्या हातांनी करून शिकते, शिक्षिकेने मागे राहून पाहावे, हे त्यांचे सूत्र. 1926 साली गिजुभाई व ताराबाई यांनी नूतन बालशिक्षण संघ स्थापिला. 1933 साली ताराबाईंनी शिक्षणपत्रिकेची मराठी आवृत्ती काढली. खेड्यापाड्यांत एकट्या पडलेल्या शिक्षकास दरमहा कोणीतरी जाणत्याने लिहावे, ही त्यामागील कळकळ. 1936 साली मुंबईस दादर येथे शिशुविहार सुरू झाला.

येथवरचे चरित्र थोर खरे. तथापि ते शहरातल्या सुखवस्तू मुलांच्या शिक्षणाचे आहे. ताराबाईंस ही गोष्ट बोचत होती. 1945 साली, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, त्या मुंबई सोडून आजच्या पालघर जिल्ह्यातील बोर्डी गावी गेल्या व ग्राम बाल शिक्षा केंद्र उघडते झाले. (पन्नाशी उलटली की आम्हा मंडळींस सोयीच्या बदलीचे वेध लागतात, असो.) त्याच साली डहाणू-उंबरगाव भागातील वारली लोक जमीनदारांच्या वेठबिगारीविरुद्ध उठले होते. ज्यांचे आईबाप दुसऱ्याच्या शेतावर फुकट राबत, अशांची ही मुले.

बोर्डीस त्यांच्या सोबत श्रीमती अनुताई वाघ आल्या. अनुताई बालविधवा, वय पस्तीस, प्राथमिक शाळेत शिकविण्याचा अनुभव दांडगा. परंतु बालशिक्षणात व आदिवासी पाड्यात अगदी नवख्या. बालवाडी थाटली, साहित्य मांडले, आणि आदिवासी मुले येईनात. येथे सामान्य शिक्षक पालकांच्या अज्ञानावर बोट ठेवून मोकळा होतो. ताराबाईंनी कारण शोधले. थोरले पोर गुरांमागे, मधले धाकट्यास कडेवर घेऊन घरी, आणि आईबाप मजुरीवर. मग मूल शाळेत येईल कसे? तेव्हा शाळाच पाड्यात गेली. कोणाच्या तरी अंगणात झाडलोट करावी, मुलांची नखे काढावी, अंघोळ घालावी, केस विंचरावे, मग गाणी, गोष्टी, मोजणी. ही अंगणवाडी. गुराखी मुलांकरिता शिक्षक कुरणात जाऊ लागला, ती कुरणशाळा. धाकट्यास सांभाळणाऱ्या मुलीकरिता पाळणाघर, बालवाडी व प्राथमिक शाळा ही एकाच ठिकाणी आणली, ती विकासवाडी. माँटेसरीबाईंचे महागडे साहित्य परवडणारे नव्हते. त्याऐवजी बिया, खडे, पाने, शिंपले, माती व बांबू यांवर काम भागू लागले. ती काटकसर तर होतीच, शिवाय मुलाच्या ओळखीची वस्तू त्याच्या हाती आली, हा मोठा लाभ झाला.

आमच्या मते ताराबाईंचे खरे मोठेपण याहूनही निराळ्या ठिकाणी आहे. नवख्या शिक्षिकेस पाड्यात धाडून त्या स्वतः मुंबईस राहिल्या नाहीत. अनुताईंच्या अडचणी त्यांच्या डोळ्यांसमोर घडत, आणि उपायही दोघींनी मिळून काढले. पुढे बालसेविकांच्या प्रशिक्षणाचे जे वर्ग चालले, त्यांचे मूळ या सहवासात आहे.

आपल्या जिल्ह्याकडे पाहावे. 2011 च्या जनगणनेनुसार येथे शेकडा 69 लोक आदिवासी आहेत. धडगावकडे घरे एकमेकांस लागून नसतात, ज्याच्या त्याच्या शेतात विखुरलेली असतात. आणि ऊसतोडीच्या हंगामात कुटुंबेच्या कुटुंबे परमुलखात जातात. घरी भिली, पावरी, मावची किंवा कोकणी बोलणारे मूल वर्गात पुस्तकी मराठी ऐकून गप्प बसते, आणि नवा शिक्षक त्या मौनास मंदपणा समजतो. फादर स्टीफन्स हे इंग्लंडातून गोव्यास आले, तेथील लोकांची भाषा शिकले, आणि 1616 साली त्यांचे ख्रिस्तपुराण ओवीबद्ध मराठीत छापून निघाले. परक्या देशीच्या धर्मगुरूस जे साधले, ते शहाद्याच्या गुरुजींस धडगावच्या पावरीबाबत का साधू नये? परंतु त्याकरिता त्यास पहिली दोन वर्षे जाणत्याची सोबत हवी, आणि पाड्यातील एखाद्या आजीकडे बसून गोष्टी ऐकावयास सवड हवी. केवळ तपासणीस येणारा अधिकारी ही सोबत नव्हे.

1957 साली केंद्र बोर्डीहून जवळच्या कोसबाडच्या टेकडीवर गेले. 1962 साली भारत सरकारने ताराबाईंस पद्मभूषण दिले. दि. 31 ऑगस्ट 1973 रोजी त्या निवर्तल्या. त्यानंतर दोन वर्षांनी, दि. 2 ऑक्टोबर 1975 रोजी, सरकारची एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली व अंगणवाडी हे नाव देशभर गेले. पुष्कळ ठिकाणी त्या नावाखाली आज पोषण आहाराचे वाटप तेवढे नीट होते, आणि गाणी, गोष्टी, बिया, खडे मागे पडतात. ताराबाईंस हे रुचले नसते.

कोसबाडचे काम अनुताईंनी 1992 साली आपल्या मृत्यूपर्यंत चालविले. त्या टेकडीवरच्या दिवसांची हकिकत त्यांनी कोसबाडच्या टेकडीवरून या पुस्तकात लिहिली आहे. आपल्या शाळेच्या ग्रंथालयात त्याच्या दोन प्रती असाव्यात, म्हणजे एक नेहमी कोणत्या तरी पाड्यावर फिरती राहील.