कुरुंदकर आणि अध्यापकाची कसोटी

गुणपत्रिका हाच माणसाच्या योग्यतेचा अखेरचा निवाडा मानला, तर मराठवाड्याच्या वैचारिक इतिहासातून नरहर कुरुंदकर हे नाव वगळावे लागेल. १५ जुलै १९३२ रोजी आजच्या हिंगोली जिल्ह्यातील नांदापूर येथे जन्मलेला हा मुलगा शिक्षणासाठी हैदराबादला गेला. मामा डॉ. ना. गो. नांदापूरकर यांच्या सहवासात त्याला ग्रंथांचा छंद जडला, मुक्तिसंग्रामाचे संस्कार झाले. परंतु इंटरच्या परीक्षेने त्याला पुन्हा पुन्हा अनुत्तीर्ण ठरविले.

१९५५ साली ते नांदेडच्या प्रतिभा निकेतन शाळेत शिक्षक झाले. नोकरी सांभाळून त्यांनी राहिलेल्या पदव्या मिळविल्या. १९६३ मध्ये, स्वामी रामानंद तीर्थांच्या प्रेरणेने उभ्या राहिलेल्या पीपल्स कॉलेजात ते मराठीचे प्राध्यापक म्हणून आले आणि पुढे तेथेच प्राचार्य झाले. विषय मराठीचा, अभ्यास मात्र नाट्यशास्त्र, मनुस्मृती, इतिहास आणि राजकारण यांचा. विरोधी मत आधी संपूर्ण बळानिशी मांडावयाचे आणि मगच त्याचे खंडन करावयाचे, ही त्यांची रीत. रणजित देसाई यांना त्यांनी शिवचरित्राविषयी लिहिलेले दीर्घ पत्र ‘श्रीमान योगी’ची प्रस्तावना म्हणून छापले गेले. १० फेब्रुवारी १९८२ रोजी तेव्हाच्या औरंगाबादेत, व्यासपीठावरच त्यांना मृत्यूने गाठले. वय अवघे एकोणपन्नास.

हे स्मरण आज करण्याचे कारण आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने शालेय शिक्षकांसाठी व्यावसायिक मानके सुचविली आणि २०२३ मध्ये त्यांचा मार्गदर्शक दस्तऐवजही आला. हेतू स्तुत्य आहे. तथापि अर्थशास्त्राच्या अध्यापकाला एक धोका ठाऊक असतो: जे मोजले जाते, तेच पिकविले जाते. लातूर पॅटर्नने सराव-परीक्षांतून विद्यार्थ्याला शिस्तीने तपासले आणि त्यातून ग्रामीण मुलांना वैद्यकीय व अभियांत्रिकीची दारे उघडली, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण तेथे प्रत्येक चाचणीत तपासला गेला तो विद्यार्थी, अध्यापक नव्हे.

मानकांचा खरा उपयोग येथेच आहे. वरिष्ठांसाठी भरावयाचे तक्ते म्हणून ती आली, तर आणखी एक फाईल वाढेल, इतकेच. तास संपल्यावर अध्यापकाने तीच कसोटी स्वतःला लावली, तर मात्र वर्ग बदलेल. आज मी शिकविले त्यात माझे नवे वाचन किती होते? माझ्याशी असहमत होण्याची मोकळीक विद्यार्थ्याला होती काय? मागच्या बाकावर जो गप्प बसला, तो खरोखरच मंद की माझेच स्पष्टीकरण अपुरे?

हा तिसरा प्रश्न सर्वांत अवघड, आणि सर्वांत महत्त्वाचा. कारण इंटरला वारंवार नापास होणारा एक मुलगा नांदेडचा प्राचार्य झाला होता, हे आपण विसरता कामा नये. तसा मुलगा आजही आपल्या वर्गात बसलेला असेल. त्याला ओळखण्याची जबाबदारी गुणपत्रिकेवर टाकता येणार नाही.