लीग नाही, मैदान नाही, गोल मात्र नऊशे

नाताळच्या दुसऱ्या दिवशी घरात बसायचं नाही, फुटबॉल बघायला जायचं, ही इंग्लंडमधली जुनी रीत. २६ डिसेंबर १९२० ला लिव्हरपूलमध्ये लोक असेच निघाले. मॅच होती एव्हर्टनच्या गुडिसन पार्कवर. स्टेडियममध्ये ५३ हजार लोक मावले, हजारो बाहेरच राहिले आणि गेट बंद करावे लागले. खेळणाऱ्या दोन्ही टीम मुलींच्या होत्या. एक प्रेस्टनच्या फॅक्टरीची, डिक, कर लेडीज. दुसरी सेंट हेलेन्स लेडीज.

प्रेस्टनच्या टीममध्ये पंधरा वर्षांची एक उंच, दणकट पोरगी होती. काळे केस, डावा पाय जबरदस्त. गंमत म्हणजे समोरची सेंट हेलेन्स ही तिची जुनी टीम. काही महिन्यांपूर्वीपर्यंत ती त्यांच्याकडूनच खेळायची. तिचं नाव लिली पार.

त्या दिवशीची हिरो मात्र लिली नव्हती, हे आधीच सांगून टाकते. प्रेस्टनची मुख्य स्ट्रायकर फ्लॉरी रेडफर्डची ट्रेन चुकली. मग कॅप्टन ॲलिस केल दुसऱ्या हाफमध्ये पुढे आली आणि तिने हॅट्ट्रिक ठोकली. सामना ४-० असा संपला. तिकिटांचे ३,११५ पाउंड जमले आणि ते धर्मादाय कामाला गेले. लिलीचे दिवस पुढे येणार होते. त्याआधी तिच्याकडून मैदानच काढून घेतलं जाणार होतं, हे त्या गर्दीत कुणाच्या स्वप्नातही नसेल.

लिलीचा जन्म २६ एप्रिल १९०५ चा, लँकेशायरमधल्या सेंट हेलेन्सचा. हे काचेच्या कारखान्यांचं गाव. वडील काचेच्या कारखान्यातच मजूर. सात भावंडांत हिचा नंबर चौथा. शिवणटिपण, स्वयंपाक वगैरे मुलींनी शिकायच्या गोष्टींत हिला काडीचा रस नव्हता. घराजवळच्या ओबडधोबड माळावर मोठ्या भावांबरोबर फुटबॉल आणि रग्बी दोन्ही खेळायची, आणि भाऊ काही बहीण म्हणून हळू खेळत नसत. तिच्या किकमधली ताकद तिथली. तेव्हाचा बॉल जाड चामड्याचा, वरून दोरीने शिवलेला. पावसात भिजला की दगडासारखा जड व्हायचा. तो लांबवरून उचलून मारणं भल्याभल्या पुरुषांना जमायचं नाही. लिलीला चौदाव्या वर्षी जमत होतं.

आता या फॅक्टरीची गोष्ट. डिक, कर अँड कंपनी ट्राम आणि रेल्वेची इंजिनं बनवायची. पहिलं महायुद्ध सुरू झालं, पुरुष आघाडीवर गेले आणि कारखान्यात तोफगोळे बनू लागले. ते काम करायला बायका आल्या. जेवणाच्या सुट्टीत अंगणात बॉल मारता मारता त्यांनी पुरुष कामगारांशी मॅच लावली आणि त्यातून टीम उभी राहिली. ऑफिसमध्ये काम करणारे आल्फ्रेड फ्रँकलंड मॅनेजर झाले. १९१७ च्या नाताळात प्रेस्टनच्या डीपडेल मैदानावर पहिला सामना झाला. जखमी सैनिकांच्या हॉस्पिटलसाठी पैसे जमवायचे होते. १० हजार लोक आले.

बायका बॉलमागे पळताना कशा दिसतात, हे बघून हसायलाही त्यातले बरेच जण आले असणार. पण हसायला आलेले पुन्हा तिकीट काढून येत नाहीत. हे येत राहिले.

युद्ध संपलं. इतर ठिकाणी बायकांना परत घरी पाठवणं सुरू झालं, ही टीम मात्र वाढत गेली. १९२० मध्ये सेंट हेलेन्सविरुद्धच्या सामन्यात फ्रँकलंड यांची नजर लिलीवर पडली. त्यांनी तिला प्रेस्टनला बोलावलं, फॅक्टरीत नोकरी दिली आणि टीममधल्याच एका मुलीच्या घरी राहायची सोय केली. वर मॅचमागे दहा शिलिंग. तिने त्यासोबत वुडबाईन सिगारेटची पाकिटंही मागून घेतली, असं सांगतात. चौदा वर्षांच्या मुलीने सिगारेट मागितली हे वाचून मीही थबकले होते. पण लिली आयुष्यभर सिगारेट ओढायची आणि ते कधी लपवायची नाही, हेही तितकंच खरं.

पहिल्याच सीझनमध्ये तिने ४३ गोल केले.

जागा कुठली, तर लेफ्ट विंग. म्हणजे कागदावर ती स्ट्रायकर नव्हतीच. विंगरचं काम कडेने पळायचं, आत क्रॉस टाकायचा आणि गोलचं श्रेय दुसऱ्याला द्यायचं. लिली क्रॉस टाकायची, कॉर्नर अचूक घ्यायची, पण गोल दिसला की कुठल्याही कोनातून थेट मारायची. अंगाने आडदांड, तरी बॉल पायाला चिकटल्यासारखा. अशी खेळाडू देशभरात शोधून सापडणार नाही, अशा अर्थाचं तेव्हाच्या वर्तमानपत्रात छापून आलं होतं. चॉर्लीच्या मैदानावरचा एक किस्सा तर दंतकथाच झालाय. एका व्यावसायिक पुरुष गोलकीपरने तिला डिवचलं की, मार बघू मला गोल. तिने मारला. त्याने अडवायला हात घातला आणि हात मोडून घेतला. यात मीठमसाला किती हे ज्याने त्याने ठरवावं. तिच्या किकबद्दल लोक काय काय खरं मानायला तयार होते, एवढं तरी यातून कळतं.

त्या दीड वर्षात या टीमने जे केलं ते आजही भन्नाट वाटतं. फ्रान्सच्या मुलींची टीम इंग्लंडला आली, मग या फ्रान्सला गेल्या. डिसेंबर १९२० मध्ये डीपडेलवर रात्रीची मॅच झाली. फ्लडलाइट नव्हते, म्हणून सैन्याचे दोन सर्चलाइट मागवले. त्याची परवानगी दिली तेव्हाचे युद्धमंत्री विन्स्टन चर्चिल यांनी. बॉल अंधारात दिसावा म्हणून त्याला पांढरा रंग फासला होता. १२ हजार लोक जमले. १९२१ या एका वर्षात टीम ६७ सामने खेळली आणि सगळे मिळून नऊ लाखांच्या आसपास प्रेक्षक आले. नोकरी सांभाळून हं! शनिवारी मॅच, रात्रीचा परतीचा प्रवास, सोमवारी पुन्हा मशीनवर.

पैसा जायचा कुठे? जखमी सैनिक, बेकार झालेले माजी सैनिक, हॉस्पिटलं. आणि १९२१ मध्ये खाणमालकांनी कामगारांना बाहेर काढून खाणींना टाळं लावलं, तेव्हा त्या उपाशी कुटुंबांसाठीही मुलींच्या टीम खेळल्या. सैनिकांसाठी खेळणाऱ्या मुली सगळ्यांना आवडत होत्या. खाणकामगारांसाठी खेळणाऱ्या मुली वरच्या लोकांना तेवढ्या आवडल्या नाहीत, असं काही इतिहासकार म्हणतात. मला ते पटतं.

५ डिसेंबर १९२१. लंडनमध्ये फुटबॉल असोसिएशनची बैठक झाली. ठराव असा, की फुटबॉल हा खेळ बायकांसाठी योग्य नाही आणि त्याला उत्तेजन देऊ नये. शिवाय जमलेल्या पैशातला बराच भाग खर्चातच जातो, धर्मादाय कामापर्यंत पुरेसा पोहोचत नाही, अशी शंका. म्हणून असोसिएशनच्या सगळ्या क्लबांनी आपली मैदानं बायकांच्या सामन्यांना देऊ नयेत. काही डॉक्टरांनीही मान डोलावली, की मुलींच्या शरीराला हा खेळ झेपत नाही. याच मुलींनी युद्धात रोज बारा बारा तास तोफगोळे उचलले, तेव्हा त्यांच्या शरीराची काळजी कुणाला वाटली नव्हती.

नीट बघितलं तर ठरावात खेळायला बंदी नव्हती. बंदी होती मैदानाला. स्टँड, गेट, तिकीटखिडकी, सगळं ज्या मैदानांवर होतं ती सगळी क्लबांची. म्हणजे खेळा हवं तेवढं, पण कुणाला दिसणार नाही अशा ठिकाणी. आमच्या कॉलेजात मुलींच्या टीमला ग्राउंड मिळायचं ते मुलांची प्रॅक्टिस आटोपल्यावर, अंधार पडता पडता. नाही कुणीच म्हणत नसे. फक्त बॉल दिसत नसे. हा ठराव वाचताना मला तेच आठवत होतं.

लिली तेव्हा सोळा वर्षांची होती. इंग्लंडमध्ये मोठ्या लीगबाहेरच्या फुटबॉलला नॉन-लीग म्हणतात. छोटी गावं, छोटे क्लब, नोकरी करून खेळणारे खेळाडू. पण त्यातल्या पुरुष खेळाडूला एक आशा असते, की आज ना उद्या वरच्या लीगमधला कुणीतरी बघेल आणि घेऊन जाईल. लिलीला वर जायला शिडीच उरली नव्हती. तिचा सगळा खेळ आता कायमचा लीगबाहेर.

पुढच्या वर्षी, १९२२ मध्ये, टीम जहाजाने अटलांटिक ओलांडून कॅनडाला गेली. तिथल्या फुटबॉल संघटनेनेही दार लावून घेतलं. मग अमेरिकेत उतरल्या, तर कळलं की प्रतिस्पर्धी म्हणून पुरुषांच्या टीम ठरवल्यात. या खेळल्या. पहिला सामना न्यू जर्सीतल्या पॅटरसनमध्ये, तो ६-३ ने हरल्या. पण पुढे काही जिंकले, काही बरोबरीत सोडवले. सतरा वर्षांची लिली अमेरिकेतल्या पुरुष डिफेंडरांना चकवत गोल करत होती. हा दौरा मला सगळ्यात जास्त आवडतो, कारण बाईचं शरीर वगैरे गप्पांना याहून सरळ उत्तर कुठलं असणार?

घरी आल्यावर मात्र दिवस फिरले. फॅक्टरीला टीमचा कंटाळा येऊ लागला, कंपनीशी संबंध तुटले आणि १९२६ पासून टीमचं नाव प्रेस्टन लेडीज झालं. नोकऱ्यांचा प्रश्न आला. फ्रँकलंड यांच्या ओळखीने लिली आणि आणखी काही जणींना प्रेस्टनजवळच्या व्हिटिंगहॅम हॉस्पिटलमध्ये काम मिळालं. हे मनोरुग्णांचं अवाढव्य रुग्णालय. तिथे लिलीने नर्सिंगचं प्रशिक्षण घेतलं आणि निवृत्त होईपर्यंत ती तिथेच राहिली. हॉस्पिटलमधल्याच एका सहकारी मैत्रिणीबरोबर तिने पुढे घर घेतलं. दोघी एकत्र राहिल्या आणि लोक काय म्हणतील याची फिकीर लिलीने कधी केली नाही. आज इंग्लंडमधली एलजीबीटी चळवळ तिला आपली मानते.

आणि फुटबॉल? तो चालूच. वॉर्डातली ड्युटी, सुट्टीच्या दिवशी मॅच. रग्बीची मैदानं, गावातली मोकळी कुरणं, सार्वजनिक बागा, जे मिळेल ते. ५३ हजारांसमोर खेळलेली मुलगी आता दोरी बांधून आखलेल्या मैदानावर खेळत होती. तीन दशकं! मी बावीस वर्षांची आहे, माझ्या सगळ्या आयुष्यापेक्षा जास्त काळ. मध्ये दुसरं महायुद्ध येऊन गेलं. सोबतच्या मुली लग्नं होऊन निघून गेल्या, त्यांच्या मुलींच्या वयाच्या नव्या पोरी आल्या, तरी लेफ्ट विंगवर लिलीच. १९४६ मध्ये ती कॅप्टन झाली. शेवटचा सामना खेळून थांबली १९५१ मध्ये, वयाच्या ४६ व्या वर्षी.

एकूण गोल नऊशेच्या वर, असं मानलं जातं. काही जण हजाराच्या जवळ नेतात. लीग नव्हती, त्यामुळे अधिकृत स्कोअरबुकही नव्हतं. जे आकडे आहेत ते जुनी वर्तमानपत्रं, टीमची कागदपत्रं आणि खेळाडूंच्या आठवणी यांतून जुळवलेले. पुरुष स्ट्रायकरचा प्रत्येक गोल मिनिटासकट नोंदलेला असतो, आणि हिच्या शंभरेक गोलांचा इकडेतिकडे हिशोबच लागत नाही.

प्रेस्टन लेडीज टीम १९६५ मध्ये बंद पडली. बंदी उठली १९७१ मध्ये, म्हणजे तब्बल पन्नास वर्षांनी. लिली तेव्हा ६६ वर्षांची होती. त्याआधीच, १९६७ मध्ये, तिला स्तनांच्या कॅन्सरसाठी मोठ्या शस्त्रक्रियेला सामोरं जावं लागलं होतं. नोव्हेंबर १९७२ मध्ये इंग्लंडच्या मुलींची पहिली अधिकृत टीम स्कॉटलंडविरुद्ध खेळली आणि ३-२ ने जिंकली. लिलीसारख्या खेळाडूंनी १९२० मध्ये फ्रान्सविरुद्ध जे खेळलं होतं ते मात्र अधिकृत नव्हे.

२४ मे १९७८ ला प्रेस्टनजवळच्या गूसनार गावात, आपल्या घरी लिली गेली. दफन सेंट हेलेन्सला, जिथे भावांबरोबर खेळायला शिकली तिथे.

२००२ मध्ये नॅशनल फुटबॉल म्युझियमने हॉल ऑफ फेम सुरू केलं, तेव्हा त्यात एकमेव महिला होती लिली पार. ते म्युझियम त्या वेळी होतं प्रेस्टनच्या डीपडेलवर, म्हणजे ज्या मैदानावर या टीमची सुरुवात झाली आणि जिथून तिला बाहेर काढलं, तिथेच. नंतर ते मँचेस्टरला गेलं. तिथे २०१९ मध्ये लिलीचा ब्राँझचा पूर्णाकृती पुतळा बसवला. ब्रिटनमध्ये महिला फुटबॉलपटूचा त्याआधी एकही पुतळा नव्हता. आणि गुडिसन पार्कवरचा ५३ हजारांचा आकडा? मुलींच्या सामन्याला त्याहून जास्त गर्दी इंग्लंडमध्ये पुन्हा जमली ती २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये, वेम्बलीवर. मध्ये ९२ वर्षं गेली होती.