रॉबर्ट बुन्सेन

मुलांनो, अड्याळच्या एखाद्या विहिरीचे पाणी काचेच्या पेल्यात घेऊन पाहा. ते अगदी नितळ दिसेल. पण नितळ पाणी शुद्ध असतेच असे नाही. जमिनीतून झिरपताना खडकांतील क्षार त्यात मिसळतात. कधी कधी विषारी द्रव्येही मिसळतात. ती डोळ्यांना दिसत नाहीत, जिभेलाही कळत नाहीत. मग ती ओळखायची कशी? याची एक युक्ती रॉबर्ट बुन्सेन या जर्मन शास्त्रज्ञाने शोधून काढली.

बुन्सेन यांचा जन्म १८११ साली ग्योटिंगेन या शहरात झाला. सोमल, म्हणजे आर्सेनिकचे विष, पोटात गेल्यास त्यावर लोखंडाच्या गंजासारखा एक पदार्थ उतारा ठरतो, हे त्यांनी १८३४ साली दाखवले. पुढे आर्सेनिकच्याच एका संयुगावर काम करताना स्फोट झाला. त्यात त्यांचा उजवा डोळा गेला. विष अंगात भिनून ते मरता मरता वाचले. तरी त्यांनी प्रयोगशाळा सोडली नाही!

१८५२ साली ते हायडेलबर्गच्या विद्यापीठात आले. तेथे १८५५ साली त्यांनी एक बर्नर तयार करवून घेतला. त्याच्या ज्योतीला स्वतःचा रंग जवळजवळ नसतो. तिच्यात चिमूटभर मीठ टाकले तर ज्योत पिवळी होते. पोटॅशियमचा क्षार टाकला तर जांभळट दिसते. पण दोन्ही एकत्र असले तर? मिठाचा पिवळा रंग दुसऱ्याला झाकून टाकतो. तेव्हा त्यांचे मित्र किर्खोफ यांनी ज्योतीचा प्रकाश लोलकातून पाहण्याचे सुचवले. लोलकातून प्रत्येक मूलद्रव्याच्या रंगीत रेषा वेगवेगळ्या दिसू लागल्या.

१८६० साली ड्यूर्कहाइम गावच्या झऱ्याचे पाणी तपासताना त्यांना दोन निळ्या रेषा दिसल्या. त्या कोणत्याही माहीत असलेल्या मूलद्रव्याच्या नव्हत्या! खात्री करण्यासाठी बुन्सेन यांनी सुमारे ४४,००० लिटर पाणी आटवले. त्यातून नव्या मूलद्रव्याचा क्षार मिळाला अवघा सात ग्रॅम. हेच सीझियम. एवढ्या पाण्यातील एवढीशी वस्तू त्या रेषांनी आधीच दाखवली होती.

आजही प्रयोगशाळांत पाण्याचा बारीक फवारा ज्योतीत सोडून त्यातील सोडियम, पोटॅशियम मोजतात. शिसे आणि तांबे शोधण्याची यंत्रेही याच विचारातून पुढे तयार झाली. आपल्या नागपूरला तर पाण्यावर संशोधन करणारी ‘नीरी’ ही राष्ट्रीय संस्था १९५८ पासून आहे.

बुन्सेन यांनी बर्नरचे पेटंट घेतले नाही. त्यामुळे तो कोणालाही बनवता आला. १८९९ साली हायडेलबर्ग येथे त्यांचे निधन झाले.