वाघिणीच्या सादेला ओ देणारा शिकारी

मुंबईत १९४४ साली प्रसिद्ध झालेल्या ‘मॅन-ईटर्स ऑफ कुमाऊं’ या पुस्तकाने जिम कॉर्बेट यांचे नाव सर्वदूर पोहोचविले. २५ जुलै १८७५ रोजी नैनितालला जन्मलेल्या कॉर्बेट यांनी गलोल, धनुष्यबाण हाती असलेल्या बालवयातच वन्यप्राण्यांच्या आवाजांची विद्या आत्मसात केली. नोव्हेंबर १९३८ मध्ये ठाक येथील नरभक्षक वाघीण जोडीदाराला साद घालीत होती. त्रेसष्ट वर्षांच्या कॉर्बेट यांनी नर वाघाच्या आवाजात ओ दिली. दिवस मावळताना ती जवळ आली आणि गोळीला बळी पडली. परिसर भयमुक्त झाला; मात्र तिला मृत्यूकडे आणले ते जोडीदाराच्या ओढीनेच. नरभक्षकाची ही त्यांची अखेरची शिकार. वाघांच्या रक्षणासाठी झटलेल्या कॉर्बेट यांचे १९ एप्रिल १९५५ रोजी केनियात निधन झाले.